इशारा पातळी

मार्केट यार्डात सगळेच खोकतात.
हळदीचं पॉलिश सुरू झालं की हवा पिवळी,
कुत्री पिवळी, चहाच्या बशीवर पिवळी साय.
‘हा यार्डाचा आवाज आहे ओ मॅडम,’
दगडू ऐवळे हमाल हसून सांगतो
आणि हसता हसता खोकतो.

माझ्या रजिस्टरात रकाने आहेत:
ताप, सर्दी, किती दिवस.
‘यार्डाचा आवाज’ असा रकाना नाही.

मिरजेहून निरोप आला होता,
लहान मुलांचा वॉर्ड भरलाय, एका खाटेवर दोघं.
विषाणूचं नाव तीन-चार इंग्रजी अक्षरं,
ट्रकच्या नंबरासारखं.
मोठ्यांना तो नुसती सर्दी देतो
आणि मोठ्यांच्याच टॉवेलला, पदराला, पाप्याला धरून
पाळण्यापर्यंत जातो.
त्याला रंग नाही. असता तरी इथं दिसला नसता.

मल्लव्वाचं पोर सहा आठवड्यांचं.
हळद निवडणाऱ्या बायकांच्या मागं, पोत्यांच्या आडोशाला,
साडीच्या झोळीत.
‘दूध ओढंना झालंय,’ ती म्हणाली, ‘झोपतंय नुसतं.’

मी झबलं वर केलं.
घड्याळ माझ्या लग्नातलं, काच तडकलेली,
सेकंदकाटा मात्र चोख.
पूर्ण मिनिट मोजायचं. अर्धं मोजून दुप्पट करायचं नाही,
हे चौगुले डॉक्टरांनी दटावून शिकवलंय.
बरगड्यांखाली खड्डा पडत होता, भरत होता.
सहासष्ट.

कसं सांगावं?
सांगलीत शाळेतल्या पोरालाही पाठ असतं,
आयर्विन पुलाखाली चाळीस फूट म्हणजे इशारा,
पंचेचाळीस म्हणजे धोका.
रात्री दोनला उठून लोक फोनवर आकडा विचारतात,
फ्रीज माळ्यावर चढवतात.
म्हटलं, मल्लव्वा, असाच ह्याचाही आकडा असतो.
दोन महिन्यांच्या आत साठ.
साठला टेकलं की घर सोडायचं.

ती माझ्याकडं बघत राहिली.
ती जतची.
‘आमच्याकडं पाणी मोजत न्हाईत आक्का,
वाट बघत्यात.’

मग छातीवर हात ठेवून म्हणाली, ‘उसिरु?’
मला ऐकू आलं ऊस.
दोघी क्षणभर दोन भाषांत उभ्या राहिलो,
मध्ये झोळी हलत होती.
व्हय, म्हटलं, श्वास. उसिरु. तोच मोजायचा.

हळदीच्याच टेम्पोतून मिरजेला नेलं.
विश्रामबागच्या सिग्नलला तिनं पोराच्या नाकाशी
तळहाताची उलटी बाजू धरली होती,
भाकरीचा तवा तापलाय का बघावं तशी.
तिथं औषध असं काही नव्हतं.
नाकात नळी, थोडा ऑक्सिजन, थेंब थेंब दूध
आणि वाट बघणं.
ते मात्र तिला येत होतं.
पाचव्या दिवशी बसू रडला. वॉर्डभर ऐकू गेलं.

साहेबांनी विचारलं, लागण कुणापासून?
मी यार्ड आठवला.
आठवड्यापूर्वी दगडूनं त्याला कडेवर घेतलं होतं,
नाव ठेवल्याच्या आनंदात,
हातात दहाची नोट कोंबली होती.
मी लिहिलं: अज्ञात.

आता गोदामाच्या भिंतीवर
पुराची खूण आहे, माझ्या डोक्याच्या वर, गेरूची.
तिच्याखाली, बसल्या माणसाच्या हाताला येईल अशा,
हळदीच्या बोटानं ओढलेल्या रेघा.
दहा श्वासांना एक.
मल्लव्वाला अंक येत नाहीत, रेघ येते.
घड्याळ पोरांच्या खेळण्यातलं कुणीतरी सेल घालून दिलंय.
झोळ्यांतल्या तीन बाळांच्या तीन रांगा.
दगडू लांबूनच हात करतो,
टॉवेल तोंडाला, डोळ्यांनी चिडवत.

आज सकाळी गेले तर
तिसऱ्या रांगेत, शमाच्या वीस दिवसांच्या मुलीपुढं,
पाच रेघा, आणि सहावी अर्धी ओढून
तिथंच थांबलेलं बोट.

मी चप्पल काढली नाही.
घड्याळ सोडत सोडतच
आत गेले.